लेक वैमानिकाच्या मुलाखतीला निघाली तेव्हा

आज बुधवार, आणि बुधवारी आपण कामधंद्याविषयी बोलतो. शेळीपालन झालं, शिलाईकाम झालं, मागच्या वेळी दालमिलच्या कर्जाचं झालं. आजचा विषय ऐकून तुमच्यातल्या काही जणी हसतील. आम्हीही आधी हसलोच होतो. विमान चालवायच्या नोकरीसाठी मुलाखत कशी होते, हे आज सांगायचं आहे.

हा विषय आम्ही शोधून आणलेला नाही. तो आमच्या बचत गटाच्या बैठकीत आला. हप्ते गोळा झाले, वही बंद होत होती, तेवढ्यात एक ताई म्हणाल्या, "माझ्या पोरीला विमान कंपनीचं मुलाखतीचं पत्र आलंय. तिथं काय विचारतात, कुणाला माहीत आहे का? मला तिची तयारी घेता येईल का?" ताई सातवी शिकलेल्या. मुलगी दोन वर्षं बाहेर राहून विमान शिकून आलेली. परवाना हातात पडून सव्वा वर्ष झालं होतं आणि नोकरी नव्हती. चार एकर जमीन गहाण, शिवाय ताईंच्या भावाच्या घराचे कागदही बँकेत. शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभर बँक थांबते, मग हप्ता सुरू होतो. तो सुरू झाला होता. त्यामुळे त्या दिवशी हसणं फार वेळ टिकलं नाही.

मग आम्ही विचारपूस केली. त्या मुलीशी बसून बोललो, तिच्याबरोबर शिकलेल्या आणि मुलाखती देऊन आलेल्या दोघींशी बोललो, आणि एका निवृत्त कॅप्टन बाईंना फोनवर तासभर पकडून ठेवलं. त्यातून जे कळलं ते तुमच्यापुढे मांडतो.

आधी कंपन्यांचं. मोठी विमानं दिल्ली, मुंबई, परदेश अशी जातात. लहान गावांना जोडणाऱ्या कंपन्या वेगळ्या, त्यांना प्रादेशिक विमान कंपन्या म्हणतात. अलायन्स एअर, स्टार एअर, गोव्याची फ्लाय नाइन्टी वन ही त्यातली नावं. २०१७ साली २७ एप्रिलला केंद्राच्या उडान योजनेतली पहिली विमानं सुटली, त्यात आपल्या नांदेडहून हैदराबादला जाणारं विमानही होतं. १६ एप्रिल २०२५ला अमरावतीला पहिलं प्रवासी विमान उतरलं. सिंधुदुर्ग, जळगाव, कोल्हापूर इथंही अशाच कंपन्या येतात. यातल्या बऱ्याच ठिकाणी एटीआर नावाचं विमान येतं. दोन मोठे पंखे बाहेर फिरताना दिसतात, सत्तरच्या आसपास माणसं बसतात, आणि लहान धावपट्टीवर ते उतरू शकतं. नव्यानं परवाना घेतलेल्या मुलामुलींना पहिली नोकरी इथं मिळण्याची शक्यता असते. म्हणजे सहवैमानिकाची. डावीकडे कॅप्टन बसतो, उजवीकडे सहवैमानिक. उजव्या खुर्चीसाठी ही मुलाखत.

तिथवर पोचायला काय लागतं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यावर वेगळा कार्यक्रम करावा लागेल. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित. डोळे, कान, हृदय यांची डॉक्टरी तपासणी. चष्मा चालतो, पण रंग ओळखता आले पाहिजेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, ज्याला सगळे डीजीसीए म्हणतात, त्यांच्या लेखी परीक्षा. हवामान, दिशाशोधन, हवाई नियम आणि विमानाची यंत्रं असे त्यांचे विषय, आणि पास व्हायला सत्तर टक्के. मग दोनशे तासांचं उड्डाण, त्यातले शंभर तास स्वतः जबाबदारी घेऊन. खर्च चाळीस लाखांच्या पुढे जातो. साडेसात लाखांपर्यंतचं शिक्षण कर्ज तारणाशिवाय मिळू शकतं, त्यापुढे जमीन किंवा घर ठेवावं लागतं. हे सगळं झाल्यावर मिळतो तो परवाना. परवाना म्हणजे नोकरी नव्हे, आणि हे बऱ्याच घरांना पैसे भरून झाल्यावर कळतं. प्रवेश घेतानाच संस्थेला विचारा की मागच्या दोन तुकड्यांतले किती जण आज विमान चालवतात. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर समजून घ्या.

आता मुलाखत. आपल्या डोक्यात मुलाखत म्हणजे टेबलापलीकडे तीन साहेब. इथं तसं एकाच दिवसात उरकत नाही. आधी संगणकावर परीक्षा. त्यात गणित, हवामान, नियम असतात, आणि एक वेगळाच भाग असतो. पडद्यावर एक ठिपका हलत असतो, तो काडीनं मधोमध धरून ठेवायचा, त्याच वेळी कानात आकडे ऐकू येतात, ते लक्षात ठेवायचे, आणि मधेच दिवा लागला की बटण दाबायचं. मुलीनं हे सांगितलं तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, "म्हणजे तव्यावर भाकरी, चुलीवर दूध, पाळण्यात पोर आणि दारात दूधवाला." तसंच काहीसं. पण भाकरी करपली तर दुसरी करता येते.

त्यानंतर सिम्युलेटर. विमानाच्या पुढच्या खोलीची हुबेहूब नक्कल, जमिनीवरच असते, पण आत बसलं की उडाल्यासारखं वाटतं. त्यात सांगतात, अमुक उंचीवर राहा, अमुक दिशेला वळ, वेग एवढाच ठेव. पंधरा-वीस मिनिटांत ते मुलीचे हात आणि डोळे बघतात. कॅप्टन बाई म्हणाल्या, नवीन मुलीची उंची शंभर फूट इकडेतिकडे होणार, हे समोरच्याला ठाऊक असतं. त्यांना बघायचं असतं की झालेली चूक तिच्या लक्षात आली का, आणि तिनं ती गडबड न करता दुरुस्त केली का. चूक झाली की मुली चटकन "सॉरी सर" म्हणतात आणि त्यातच पाच सेकंद जातात. तोवर दुसरी चूक होते. दुरुस्त करायचं आणि "उंची दुरुस्त करतेय" एवढंच म्हणायचं.

मग येतं टेबल. तिथं तांत्रिक प्रश्न असतात आणि ताईंना सगळ्यात धास्ती याचीच होती. पण आम्ही मुलीची वही उघडली तेव्हा दिसलं की बरेच प्रश्न आपल्या ओळखीच्या गोष्टींचे आहेत, फक्त इंग्रजीत लिहिलेले.

मे महिन्यातल्या दुपारी विमानाला जास्त लांब धावपट्टी का लागते? कारण तापलेली हवा पसरते, विरळ होते. पंधरा अंशांच्या हवेपेक्षा पंचेचाळीस अंशांची हवा सुमारे नऊ-दहा टक्के विरळ असते. पंखाला धरायला हवा कमी, इंजिनालाही कमी. मग एकतर जास्त धावायचं, नाहीतर माणसं नि सामान कमी घ्यायचं. नागपूरच्या उन्हाळ्यात हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही.

धावपट्टीवर वेगानं धावताना एक इंजिन बंद पडलं तर? प्रत्येक उड्डाणाआधी एक वेग ठरवलेला असतो, त्याला व्ही-वन म्हणतात. त्या वेगाच्या आत काही बिघडलं तर थांबायचं. तो वेग ओलांडला की थांबायचं नाही, एका इंजिनावर वर जायचं. विमान तसं जाऊ शकतं. फरशी पुलावरून पाणी वाहत असताना बैलगाडी घालायची की नाही, हे काठावर ठरवतात. मधे पोचल्यावर कुणी बैल मागे वळवत नाही.

हवामानाचा अहवाल वाचायला देतात. त्यात "२७०१२केटी ४००० आरए" असं काहीतरी असतं. २७० म्हणजे वारा पश्चिमेकडून, १२केटी म्हणजे बारा नॉट, ताशी बावीस किलोमीटर. ४००० म्हणजे चार हजार मीटरपर्यंत दिसतंय. आरए म्हणजे पाऊस. हे नुसतं वाचून दाखवलं तर अर्धे गुण. पुढे विचारतात, "मग तू काय करशील?" धावपट्टी पूर्व-पश्चिम असेल तर पश्चिमेकडे तोंड करून उतरायचं, कारण विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं. पट्टी ओली असेल, थांबायला जास्त अंतर लागेल.

तोंडी हिशेबही असतात. दहा हजार फुटांवर आहात, विमानतळ किती लांब असताना खाली यायला लागाल? हजारांना तिनानं गुणायचं, तीस सागरी मैल. आठ हजार असेल तर चोवीस. हे ऐकल्यावर ताईंचा चेहरा उजळला. "हे तर पाढे आहेत!" म्हणाल्या. त्या दिवसापासून सोयाबीन निवडताना ताई आकडा टाकायच्या आणि मुलगी उत्तर द्यायची. "सहा हजार?" "अठरा." "साडेसात?" "साडेबावीस." ताईंना सागरी मैल म्हणजे काय हे माहीत नव्हतं आणि त्यानं काही अडलं नाही.

आणखी एक गोष्ट टेबलावर ठेवलेली असते, लॉगबुक. प्रत्येक उड्डाणाची नोंद, तारीख, वेळ, कुठून कुठं. ते पान पान उलटतात. "या दिवशी पाऊस होता, तरी दोन तास उडालीस? कुठं गेली होतीस?" खरं उडाली असेल तर सांगता येतं. २०११ साली खोट्या गुणपत्रिकांवर परवाने मिळवल्याच्या प्रकरणात आपल्या देशात वैमानिकांना अटक झाली होती, उड्डाण तास फुगवल्याचंही तेव्हा उघडकीला आलं. त्यामुळे संस्थेतला कुणी "दहा तास लिहून टाकू" म्हणाला तर मुलीला नाही म्हणू द्या, भले परवाना दोन महिने उशिरा येवो.

इंग्रजीची भीती सगळ्यांनाच. वैमानिकाला इंग्रजीची ठरावीक पातळी लागते, सहापैकी किमान चौथी. उच्चार आपल्या गावचा असला तरी चालतो, पण समोरच्याला कळला पाहिजे. आणि इथं आम्हाला आमचंच काम आठवलं. आपल्या या केंद्रावर पहिल्यांदा माईकसमोर बसलो तेव्हा आम्हाला हेच शिकवलं होतं की एका वेळी एकानंच बोला, वाक्य लहान ठेवा, आकडे सुटे सुटे सांगा. वैमानिकही रेडिओवर असंच बोलतात. जमिनीवरच्या नियंत्रकानं "सहा हजार फुटांवर या" सांगितलं की ते तसंच परत म्हणून दाखवावं लागतं, म्हणजे ऐकण्यात चूक झाली असेल तर तिथंच सापडते. मुलगी आमच्या स्टुडिओत येऊन रोज संध्याकाळी अर्धा तास मोठ्यानं बोलायची. आम्ही ध्वनिमुद्रण करून तिला ऐकवायचो. "मावशी, मी किती भरभर बोलते!" हे तिचं तिलाच कळलं.

एवढी तयारी झाली, मुलगी गेली, आणि तिची निवड झाली नाही. त्या पहिल्या खेपेला वडील, काका आणि चुलत भाऊ असे तिघं सोबत गेले होते आणि दिवसभर फाटकाशी उभे होते, ते एक असो. आम्ही तिला विचारलं, कुठं अडलीस? ती म्हणाली, गणित बरोबर आलं, हवामान बरोबर आलं. मग त्यांनी विचारलं, "उतरताना कॅप्टन चुकतोय असं तुला दिसलं. त्याला वीस वर्षांचा अनुभव, तुला दोनशे तासांचा. तू काय करशील?" हिनं सांगितलं, "सर सांगतील तसं करीन."

आम्हालाही त्या क्षणी ते उत्तर चांगलं वाटलं, खरं सांगतो. नम्र मुलगी. घरी हेच शिकवलेलं. मोठ्यांसमोर उलट बोलायचं नाही, आजोबा बोलत असतील तर दारामागं थांबायचं.

कॅप्टन बाईंना आम्ही हे सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी दोन अपघात सांगितले. पहिला १९७७ सालचा, २७ मार्चचा. स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दाट धुकं होतं. धावपट्टीवर दोन जंबो विमानं. एकाच्या कॅप्टननं परवानगी मिळण्याआधीच उड्डाणासाठी धाव घेतली. दुसरं विमान पट्टीवरून बाजूला झालेलं नाही की काय, अशी शंका त्याच्याच खोलीतल्या एका सहकाऱ्यानं बोलून दाखवली. कॅप्टन खूप मानाचा, कंपनीत इतरांना शिकवणारा. त्यानं शंका उडवून लावली आणि सहकारी पुढे बोलला नाही. पाचशे त्र्याऐंशी माणसं गेली.

दुसरा आपल्याकडचा. मंगळूर, २२ मे २०१०. विमान फार उंचावरून, जास्त वेगात उतरत होतं. सहवैमानिकानं तीनदा सांगितलं की उतरू नका, वर घ्या. कॅप्टननं ऐकलं नाही. विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेलं. एकशे अठ्ठावन्न माणसं गेली, आठ वाचली. चौकशीच्या अहवालात या तीन इशाऱ्यांची नोंद आहे.

अशा अपघातांनंतर विमानात दोन माणसांनी एकमेकांशी कसं बोलायचं, याचंच शिक्षण जगभर सुरू झालं. ते आता सगळ्या वैमानिकांना सक्तीचं आहे. त्यात शिकवतात ते असं. आधी जे दिसतंय ते सांगायचं, "कॅप्टन, वेग कमी आहे." उत्तर नाही आलं तर पुन्हा, आणि काय करायचं तेही सांगायचं, "कॅप्टन, वेग कमी आहे, वर जाऊ या." दोनदा सांगूनही कॅप्टन काहीच बोलत नाही, काहीच करत नाही, तर तो आजारी पडला किंवा भान हरपलं असं धरून विमान आपल्या हातात घ्यायचं आणि तसं स्पष्ट बोलायचं. यात उद्धटपणा नाही. उजवी खुर्ची त्यासाठीच ठेवलेली आहे. मुलाखत घेणाऱ्यांना दोन्ही टोकं नको असतात. "सर म्हणतील तसं" म्हणणारी नको, आणि "मी लगेच विमान काढून घेईन" म्हणणारीही नको. त्यांना पायरीपायरीनं बोलणारी हवी असते.

म्हणजे कंपनी जे शोधत होती, ते आम्ही सगळ्यांनी मिळून त्या पोरीच्या अंगातून वीस वर्षं काढून टाकलं होतं. हे आम्हाला लागलं. ताईंना जास्त लागलं.

पुढची मुलाखत दुसऱ्या कंपनीची, पाच आठवड्यांनी होती. तेवढ्या वेळात आम्ही एक गंमत केली. ताईंच्या ओसरीवर दोन खुर्च्या ठेवल्या. मुलीच्या मामांना कॅप्टन केलं. मामा म्हणजे गावात ज्यांच्यापुढे सहसा कुणी बोलत नाही असे, आणि ज्यांच्या घराचे कागद बँकेत आहेत तेच. त्यांना सांगितलं, तुम्ही ताटात बघून विमान चालवायचं आणि कुणाचं ऐकायचं नाही. ते त्यांना छान जमलं. भाचीला म्हटलं, उंची कमी होतेय, सांग त्यांना.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "मामा, जरा उंची बघता का, मला वाटतं बहुतेक थोडी कमी…" आम्ही तिथंच थांबवलं. "जरा" काढ. "मला वाटतं" काढ. "बहुतेक" काढ. "थोडी" काढ. उरलं काय? "उंची कमी." तेवढंच बोलायचं. ती लाजली, हसली, पदर नव्हता तरी पदर सावरल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी आवाज फुटला पण मामांकडे बघता येईना. आठ-दहा दिवसांनी एका संध्याकाळी ती सरळ म्हणाली, "कॅप्टन, उंची कमी आहे. वर घ्या." मामांनी ताट खाली ठेवलं आणि चिडून ताईंना म्हणाले, "भाचीनं असं बोलायचं असतं का?" ताई म्हणाल्या, "विमानात बोलायचं असतं, दादा." मामा दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आपणहून आले आणि म्हणाले, चला, बसा.

मैत्रिणींनो, बायका या खुर्चीवर नव्या नाहीत. सरला ठकराल यांनी १९३६ साली लाहोरला परवाना मिळवला. प्रेम माथुर यांना १९४७च्या सुमारास एकामागून एक कंपन्यांनी नकार दिला, कारण बाई विमान चालवते म्हटल्यावर प्रवासी घाबरतील. शेवटी हैदराबादच्या डेक्कन एअरवेजनं घेतलं. १९८५ साली कोलकात्याहून सिलचरला जाणारं फॉकर विमान आपल्या सौदामिनी देशमुख आणि त्यांच्या सहवैमानिक निवेदिता भसीन अशा दोघींनी नेलं. तेही पंख्यांचंच विमान, लहान गावाला जाणारं. आज आपल्या देशात शंभर वैमानिकांत साधारण पंधरा बायका आहेत, जगात पाच-सहाच्या आसपास. तरीही टेबलावर एक प्रश्न मुलींनाच येतो, "लग्नाचं काय?"

त्यावर तिघी मुलींनी तीन तऱ्हेनं उत्तरं दिली होती. एकीनं सांगितलं, लग्न करणारच नाही. समोरचे हसले. एकीला रडू आलं. तिसरी म्हणाली, "माझ्या कामाच्या वेळापत्रकाप्रमाणे मी हजर राहीन, घरच्यांशी बोलणं झालेलं आहे." कॅप्टन बाई म्हणाल्या, हे तिसरं बरोबर, त्यापुढे काही सांगायला मुलगी बांधील नाही. पण घरच्यांशी बोलणं खरंच झालेलं असलं पाहिजे. पहाटे चारला गाडी येणार, दिवसाला चार-चार वेळा उतरणं-उडणं होणार, दिवाळीला सुट्टी मिळेलच असं नाही. हे मुलाखतीच्या आधी घरात सांगून टाका. बाळंतपणाच्या रजेचा कायदा तिलाही लागू आहे, पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे.

"आमच्याच कंपनीत का?" हाही प्रश्न हमखास. लहान कंपनीत शिकायचं आणि मोठ्या कंपनीत पळायचं, हा नेहमीचा प्रकार त्यांना माहीत असतो. खोटी स्तुती केलेली कळते. आमच्या मुलीनं दुसऱ्या वेळी सांगितलं, की मी नांदेडच्या विमानतळापासून बसनं दोन तासांच्या गावातली आहे, लहान धावपट्टीवर दिवसात पुष्कळ वेळा उतरायला मिळेल तिथं मी लवकर शिकेन. दोन्ही खरं होतं.

आता पैशाचं, आणि हे नीट ऐका. निवड झाली तरी त्या जातीचं विमान चालवायचं वेगळं शिक्षण घ्यावं लागतं, त्याचे पुन्हा काही लाख. काही कंपन्या ते स्वतः करतात आणि इतकी वर्षं सोडून जाणार नाही असा करार लिहून घेतात, मधेच सोडलं तर मोठी रक्कम भरायची. काही कंपन्या मुलीलाच भरायला लावतात. सही करायच्या आधी कागद घरी आणा, वकिलाला किंवा बँकेतल्या माणसाला दाखवा. करार नसला तरी सहवैमानिकाला नोकरी सोडताना सहा महिने आधी कळवावं लागतं, तो डीजीसीएचा नियम आहे. आणि मुलाखतीआधी फोन करून "आतून काम करून देतो, पाच लाख तयार ठेवा" म्हणणारे भेटतात. ताईंनाही फोन आला होता. गोड बोलणारा होता, मुलीचं नाव, परवाना कधी मिळाला, सगळं त्याला माहीत. ताई जवळजवळ सोनाराकडे निघाल्या होत्या. त्यांनी गटात विचारलं म्हणून थांबल्या. नोकरीचे पैसे मागणारा माणूस कंपनीचा नसतो. जाहिरात कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहे का, ते आधी बघा.

दुसऱ्या मुलाखतीला मुलगी एकटी गेली, एसटीनं आणि मग रेल्वेनं. कॅप्टनचा प्रश्न आला, थोड्या वेगळ्या शब्दांत. कोल्हापूरला पाऊस आहे, धावपट्टी दिसत नाही, कॅप्टनला उशीर झालाय आणि तो म्हणतोय अजून थोडं खाली जाऊन बघू. हिनं सांगितलं, "ठरलेल्या उंचीपर्यंत पट्टी दिसली नाही तर मी म्हणेन, कॅप्टन, दिसत नाही, वर जाऊ या. पुन्हा म्हणेन." समोरच्यानं आवाज चढवला, "आणि मी तुझा कॅप्टन असेन तर?" ती म्हणाली, "तुम्हालाही म्हणेन, सर." हे तिनं आम्हाला स्टेशनवरूनच फोन करून सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज कापत होता.

निवडीचं पत्र एकोणीस दिवसांनी आलं. विमानाचं शिक्षण सुरू झालंय, त्यात काही महिने जातील, मग प्रशिक्षक कॅप्टनबरोबर काही उड्डाणं, मग खुर्ची. पूर्ण पगार तेव्हाच. तोवरच्या हप्त्यांसाठी ताईंनी बँकेत मुदत वाढवून मागितली आहे. त्याचं उत्तर अजून यायचंय.

ज्यांच्या मुली बारावीला आहेत आणि या वाटेचं विचारायचंय त्यांनी केंद्रावर यावं. मुलीची ती वही आम्ही तिच्या परवानगीनं उतरवून ठेवली आहे. पुढच्या बुधवारी पिठाच्या गिरणीचं वीजबिल. येताना मागचं बिल घेऊन या.